मांडीचं माप

शनिवार, १४ मार्च. स्थळ: आयर्लंडमधलं आमचं सँट्रीचं अपार्टमेंट. हजर: मी, माझा नवरा संजय, नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई आणि तळमजल्यावरचे बर्वे. कामकाज: सासूबाईंच्या मांडीचं माप घेणे.

माझ्या वहीत हे असंच लिहिलेलं आहे. मला सगळ्याची नोंद ठेवायची सवय आहे. मागाहून कोणी "असं झालंच नव्हतं" म्हणू शकत नाही.

बर्वे आत आले, बूट काढले, खिशातून टेप काढली आणि म्हणाले, "काकू, जरा मांडीचं माप हवं होतं." सासूबाईंनी पदर सावरला. "कायले?" संजयने घाईघाईने खुलासा केला की असायची ती मांडी नव्हे, घालायची ती. ह्या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत. सासूबाई सोफ्यावर मांडी घालूनच बसल्या होत्या. बर्व्यांनी तीनदा मोजलं, "सव्वीस इंच, ग्रँड," म्हणाले (इथे "ठीक"ला सगळे ग्रँडच म्हणतात) आणि चहा न घेता गेले.

"बाप्पा," सासूबाई म्हणाल्या, "माणूस बरा हाये ना?"

बरा आहे. पन्नाशीचा आहे, एकटा राहतो, रोज गाडीने लिक्सलिपच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात जातो. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी मोजतो आणि घरी आला की खुर्च्या मोजतो. साध्या नव्हेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या, डेन्मार्कमध्ये हाताने घडवलेल्या, सागवानी हातांच्या आणि गादीच्या आरामखुर्च्या. कुठे कुणा म्हाताऱ्या माणसाचं घर रिकामं होत असेल तर बर्वे गाडी काढून जातात आणि मागच्या सीटवर एक खुर्ची घेऊन येतात. दोन खोल्यांत अकरा खुर्च्या आहेत. आलेल्या माणसाला बसायला दोन प्लास्टिकची स्टुलं आहेत.

आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा नमस्काराआधी त्यांनी आमची जेवणाची खुर्ची उलटी केली. "खुर्चीचं खरं पोटात असतं," म्हणाले. मग पोट पाहिलं आणि डॉक्टर रिपोर्ट वाचतात तशा आवाजात एकच शब्द उच्चारला: "स्टेपल." त्या खुर्चीवर बसताना मला अजून अपराधी वाटतं.

त्यांच्या खुर्च्यांच्या पोटात स्टेपल नाहीत. तिथे तागाचे पट्टे आहेत, त्यावर सुतळीने एकेक बांधलेल्या स्प्रिंगा आहेत आणि वर घोड्याचे केस भरलेले आहेत. बर्वे जुनं कापड एकेक खिळा काढून सोडवतात, खिळे जॅमच्या बरण्यांत ठेवतात आणि ज्या कारागिराने ते ठोकले त्याच्याबद्दल गप्पा मारतात. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. इथे आयर्लंडमध्ये अशा तिऱ्हाइताला "युअर मॅन" म्हणतात, म्हणून तेही म्हणतात. "युअर मॅनने ही गाठ डाव्या हाताने मारलीय बघा." किंवा, "इथे टाका चुकलाय. सोमवार असणार."

त्यांचा नियम एकच: मूळ ते मूळ. युअर मॅनने जे केलं ते तसंच ठेवायचं. एकदा मी सुचवलं, पुसता येईल असं कापड लावा. दोन आठवडे ते माझ्याशी फक्त हवामानावर बोलले.

मापाच्या प्रसंगानंतर महिन्याभराने त्यांचं एक पार्सल चुकून आमच्याकडे आलं. खिळेच होते. मी खाली द्यायला गेले आणि दारातच थांबले. वर्तमानपत्रावर सागवानाच्या दोन आडव्या दांड्या पडल्या होत्या, त्यांच्या आवडत्या खुर्चीतून काढलेल्या. त्या जागी सात-सात इंच जास्त लांब अशा नव्या दांड्या बसवल्या होत्या. बसायची जागा एकोणीसची सव्वीस इंच झाली होती.

"बर्वे," मी म्हटलं, "आणि मूळ ते मूळ?"

त्यांनी मला स्टूल दिलं. मग बरण्यांची झाकणं घट्ट करत जे सांगितलं ते असं: चार वर्षांपूर्वी त्यांची आई मिरजेहून तीन महिन्यांसाठी आली होती. पाय खाली सोडून बसलं की तिच्या पायांना सूज येते. एकोणीस इंचांत मांडी मावेना, म्हणून ती एक पाय वर घ्यायची, आणि बर्वे म्हणायचे, "आई, पाय खाली." दिवसातून कितीतरी वेळा. पाचव्या आठवड्यात ती परत गेली. बर्व्यांच्या बहिणीला म्हणाली, अनंताकडे अकरा खुर्च्या आहेत, पण बसायला जागा नाही. त्यानंतर ती आलेली नाही. विचारलं की गुडघ्यांचं कारण सांगते.

"मग तिचंच माप विचारायचं होतं. माझ्या सासूबाईंचं कशाला?"

"तिला कळलं असतं ना."

"कळू दे की."

"आणि तरी नाही म्हणाली तर?"

अशा वेळी मी लोकांना विचार करायला वेळ देत नाही. आत्ता लावा फोन, म्हटलं. त्यांनी स्पीकरवर लावला आणि जेवणाखाण्याचं, बहिणीचं, मिरजेच्या उन्हाचं सगळं विचारून झालं. मी टेपने टेबलावर टकटक केलं.

"आई, एक खुर्ची रुंद केलीय," बर्वे म्हणाले. "मांडी घालता येईल अशी."

"मूळची बदललीस?"

"हो."

"किती रुंद?"

"सव्वीस इंच."



"एवढी कशाला रे? मी आता वाळलेय. माझ्यासारख्या दोघी बसतील त्यात."

बर्व्यांनी माझ्या हातातली टेप घेतली आणि सव्वीसवर बोट ठेवलं. आयुष्यभर मोजमाप केलेला माणूस, पण ह्या चार वर्षांचं माप त्यांनी धरलंच नव्हतं.

"एका बाजूला उशी ठेव," आईच म्हणाल्या. "गणपती झाले की येते. आणि पाय वर घेतले तर ओरडायचं नाही."

"नाही," बर्वे म्हणाले. ग्रँड म्हणाले नाहीत.

खुर्ची आता तयार आहे. निळं लोकरीचं कापड लावलंय, शेजारी त्याच कापडाची उशी आहे. मला बोलावून रीतीप्रमाणे उलटी करून दाखवली. पोट उघडंच आहे. बसणाऱ्याचं वजन पडल्याशिवाय पट्टे किती ताणायचे ते कळत नाही, म्हणून तळाचं कापड ठोकलेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, मी बसून पाहातो ना. बर्वे त्यांना हात जोडून नको म्हणाले. ह्या वेळी दुसऱ्या कोणाचं माप चालणार नाही.

तळ ठोकून टाकायला हात शिवशिवतात म्हणून खिळ्यांचा डबा त्यांनी आमच्याकडे ठेवायला दिलाय. तो स्वयंपाकघराच्या कपाटात वरच्या फळीवर, मिठाच्या मागे आहे. वहीत एक ओळ आहे: "बर्वे, तळाचं कापड." त्या पानावरच्या बाकी सगळ्या ओळींपुढे काम झाल्याची खूण आहे.