कौल लागलाय, पंखा बंद करा

भर मे महिन्यात, दुपारच्या जेवणानंतर जरा कुठं डोळा लागतोय तोवर शेजारचा माणूस खिडकीशी येऊन "पंखा बंद करा हो, कौल लागलाय!" असं ओरडला, तर तुम्ही काय कराल? मी नवी नवी होते तेव्हा खिडकी धाडकन लावून घेतली होती. मग कळलं, आमच्या कॉलनीत अशा वेळी पंखा बंद करायचा असतो. तो शेजारी म्हणजे दामूअप्पा. त्यांच्या देवघराची खिडकी आणि आमची खिडकी समोरासमोर, मध्ये हातभर बोळ. आमच्या पंख्याचा वारा बोळ ओलांडून त्यांच्या गणपतीला लागतो, असं अप्पांचं ठाम मत होतं. आम्ही मुकाट्यानं घाम पुसत बसायचो.

गणपती काळ्या दगडाचा, वीतभर उंचीचा. त्याच्या डोक्यावर फूल ठेवायचं, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. फूल देवाच्या उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. बाकीचे लोक घर घेताना, मुलीचं लग्न ठरवताना असा कौल लावतात. अप्पा वांगी घ्यावीत की दोडकी यासाठी लावायचे. फाटकात भाजीची गाडी उभी आणि मखमलाबादचा भाजीवाला आपला हाका मारतोय, "अप्पा, पडलं का नाय फूल? आमाला अजून चार गल्ल्या हायेत!"

"थांब रे! घाई कसली?"

घाई कसली हे अप्पांनी विचारावं! त्यांच्या पायाला जन्मजात भिंगरी. फूल ठेवलं की देवघर ते फाटक, फाटक ते देवघर अशा येरझाऱ्या सुरू. मध्येच चपला घालायचे, मध्येच काढायचे, वाकून फुलाकडे बघायचे आणि देवाला दटावायचे, "अरे, सांगतोस की नाही? माणसं खोळंबलीत." पण एकदा फूल पडलं की पडलं. मग काही झालं तरी ऐकणार. "सांगितलंय त्यानं. विषय संपला."

एकदा पाटबंधारे खात्यातल्या जुन्या सोबत्याच्या मुलाचं लग्न होतं, नामपूरला. जावं की न जावं? उजवा कौल आला. एसटीनं धक्के खात गेले, तर मांडव सोडून झालेला. लग्न आदल्या दिवशीच लागलं होतं. संध्याकाळी कांद्याची गोणी घेऊन हसतमुखानं परत आले. मी म्हटलं, "अहो अप्पा, देवानं हे आधी सांगायला नको?"

"त्यानं जा म्हटलं, मी गेलो. लग्न कधी आहे हे मी विचारलंच नव्हतं." पुढे कितीतरी दिवस सगळी कॉलनी नामपूरचे कांदे खात होती.

आमचे हे या सगळ्याला खूप हसायचे. आणि जुनी स्कूटर घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र माझ्या नकळत अप्पांकडे जाऊन कौल लावून आले. डावा आला. तरी घेतली. ती स्कूटर ढकलत ढकलत हे घरी यायचे तेव्हा अप्पा फाटकात उभे असायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. नुसते बघायचे. तेच यांना जास्त झोंबायचं.

अप्पांना मूलबाळ नव्हतं. बायको, सुमनकाकू, अतिशय मितभाषी. अप्पांनी दहा वाक्यं बोलावीत, तेव्हा काकूंचं एक "हं". त्यामुळे निवृत्तीनंतर अप्पांची सगळी बडबड देवघरात चालायची. बोळाच्या अलीकडे मला सगळं ऐकू यायचं. रेशनच्या रांगेपासून गोदेच्या पाण्यापर्यंत सगळं त्या वीतभर गणपतीला सांगून व्हायचं. मला वाटायचं, बिचारा देव!

एका वर्षी दिवाळीच्या आधी काकूंना धाप लागायला लागली. जिना चढवेना, मग चार पावलंही चालवेना. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब आहे. ऑपरेशनमध्ये धोका आहे, न करण्यातही आहे, तुम्हीच काय ते ठरवा. आणि लवकर ठरवा.

अप्पा घरी आले ते थेट देवघरात. सगळ्या कॉलनीला कळलं. कुणी सांगायच्या आतच आम्ही पंखे बंद केले.

शेवंतीचं पिवळं फूल ठेवलं होतं. ते संध्याकाळी पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी फूल मलूल झालं, पण जागचं हललं नाही. अप्पांच्या येरझाऱ्या वाढल्या, दाढी वाढली. कुणी विचारलं की म्हणायचे, "विचार करतोय तो. मोठा प्रश्न आहे." इकडे काकूंच्या ओठांवर निळसर झाक यायला लागली. माझा तर संताप संताप होत होता. देवाचा करावा की अप्पांचा, ते कळत नव्हतं.

मी काकूंसाठी मुगाची खिचडी घेऊन गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला खुणेनं देवघर दाखवलं. मी आत डोकावले. भिंतीवरून मुंग्यांची रांग लागली होती, ती थेट गणपतीच्या डोक्यावर. फुलाखाली मध चकाकत होता.

"अप्पा!" मी ओरडलेच. "चिकटवलंत? देवाला फसवता?"

अप्पा खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "डावा आला तर ऐकावं लागेल गं," ते म्हणाले. "मग ती अशीच माझ्यासमोर... आणि उजवा आला, मी तिला नेली आणि तिचं काही बरंवाईट झालं, तर याच्याशी मी पुन्हा बोलू कसा? ती गेल्यावर हाच राहणार ना मला? दुसरं आहे कोण?"

माझा राग कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात काकू भिंत धरत धरत देवघरात आल्या. त्यांनी फूल उचललं, फुंकर मारून मुंग्या उडवल्या आणि पदर ओला करून गणपतीचं डोकं पुसलं. "मेल्या मुंग्या चावल्या असतील त्याला," म्हणाल्या. मग धाप लागून थांबल्या आणि अप्पांकडे वळल्या. मी त्यांना एका वेळी एवढं बोलताना प्रथमच ऐकलं. "त्यानं सांगितल्यावर काय, कुणीही जाईल. आता न सांगता जायचंय. इतकी वर्षं ऐकलंत ना त्याचं? मग एवढा भरवसा नको? रिक्षा बोलवा."

रिक्षा मीच बोलावली.

ऑपरेशनच्या दिवशी मी थर्मास घेऊन दवाखान्यात गेले तेव्हा अप्पा बाकावर बसून होते. येरझाऱ्या नाहीत, बडबड नाही. मी शेजारी टेकणार तोच त्यांनी हात आडवा केला.

"तिथं नको. या बाजूला ये."

"कुणी येणारे का?"

"आलाय," अप्पा हळूच म्हणाले. "त्याला म्हटलं, हो-नाही काही सांगू नकोस. नुसता बस. मला एकट्याला इथं भीती वाटते."

मी दुसऱ्या बाजूला बसले. चहा तसाच राहिला. येणारे-जाणारे त्या मोकळ्या जागेकडे बघायचे, मग अप्पांच्या चेहऱ्याकडे, आणि उभेच राहायचे.

दुपार कलल्यावर नर्स बाहेर आली. "आजी बऱ्या आहेत. डोळे उघडलेत. दोन मिनिटं बघून घ्या, पण एकेकानंच यायचं हं."

अप्पा ताडकन उठले, जवळजवळ धावतच दारापर्यंत गेले आणि तिथं थबकले.

"एकेकानंच?"

"हो आजोबा, एकेकानंच."

अप्पा मागे वळले. बाकावरच्या त्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाले, "मग आधी तू जाऊन ये."

आणि दार धरून, बाजूला सरून, ते थांबून राहिले.