मथुराक्काची शाळेची तयारी

एका जंगलात एक शाळा होती आणि ती बंद होती. बाळांनो, लगेच टाळ्या पिटू नका. गोष्ट अजून सुरूसुद्धा झालेली नाही.

शाळा एका मोठ्या वडाखाली भरायची. तिच्या मुख्याध्यापिका होत्या टिटवीबाई. टिटवी कशी झोपते ठाऊक आहे ना? पाय वर करून. रात्री आभाळ कोसळलंच, तर तळपायांवर झेलता यावं म्हणून. अशा बाईंच्या हातात शाळा दिल्यावर तिला कोण काय करणार?

तर झालं काय, जंगलात शिंकेची साथ आली. आधी एक तरस शिंकलं. मग त्याला बघायला गेलेले शिंकले. मग त्यांना बघायला गेलेले शिंकले. अंगात ताप भरायचा, नाक गळायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे तर फार हाल व्हायचे. बाईंनी वडाभोवती वेल आडवी बांधली आणि पोरांना घरी धाडलं.

पण शिक्षण थांबता कामा नये, असा वरून आदेश आला. वरून म्हणजे नेमका कुठून, हे कोणी विचारलं नाही. वर झाडावर तर फक्त माकडं असायची. तरी बाईंनी आदेश पाळला. रोज सकाळी त्या टेकडीच्या माथ्यावर उभ्या राहून धडा ओरडायच्या आणि पोरांनी तो आपापल्या बिळातून, घरट्यातून, जाळीतून ऐकायचा. वारा चांगला असला तर पाढा घरापर्यंत पोचायचा. वारा पडला की पोरं म्हणायची, बाई, आवाज तुटतोय. काही पोरांना सोसाट्याच्या वाऱ्यातसुद्धा आवाज तुटलेलाच ऐकू यायचा. तुम्हाला यातलं काही माहीत नसणार, तुम्ही गुणी आहात.

आता मथुराक्काकडे येऊ. मथुराक्का म्हणजे रानडुकरीण. अंगाने दणकट, मनाने प्रेमळ आणि पदरी सात पोरं. तिचं जगात एकच सुख होतं. ऊन चढलं की ओढ्याकाठच्या डबक्यात उतरायचं आणि चिखलात लोळायचं. एकटीने. कान तेवढे बाहेर, बाकी सगळी आत. रानडुकरांत याला आळस म्हणत नाहीत, आंघोळ म्हणतात. पोरं शाळेत गेली की ती उतरायची, ते शाळा सुटेपर्यंत तिला कोणी हाक मारायची नाही.

साथ आली आणि ते सुख गेलं. ती चिखलात उतरली की तिच्यामागून सातही पोरं धपाधप उतरायची. दोघं पाठीवर, एक पोटाखाली, एक कानाशी येऊन विचारणार की पाच सक्कं किती, आणि एक सांगणार की दादानं माझं कंदमूळ खाल्लं. सगळ्यात धाकटी टिकली. ती पहिलीत बसायला निघाली आणि त्याच आठवड्यात शाळेला वेल बांधली गेली. ती दिवसभर एकच विचारायची, शाळा कधी उघडणार? मथुराक्का मनातल्या मनात तेच विचारायची. मायलेकींचं इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

शेजारच्या शेवंती हरिणीला तिने सांगून टाकलं होतं की असंच आणखी काही दिवस चाललं तर मी सरळ अस्वलाच्या गुहेत राहायला जाईन. अस्वल चावतं, पण पाढे विचारत नाही. शेवंतीने नुसता सुस्कारा सोडला, कारण तिचं पाडस तेव्हा तिच्या अंगावरून उड्या मारायचा सराव करत होतं.

आणि एक दिवस बातमी आली. साथ ओसरली, शाळा उघडणार! मथुराक्काने आनंदाने जमीन उकरून काढली. सातही पोरांची तोंडं चाटून झाली. मग बातमीचा उरलेला भाग आला. शाळा उघडणार, पण त्याआधी कुटुंबांची पूर्वतयारी होणार. सगळ्या पालकांनी रोज सकाळी वडाखाली यायचं आणि सुरक्षेचे नियम शिकायचे. पालक पक्के तयार झाले की मग पोरांना बोलावणं. तोपर्यंत पोरांनी शाळेच्या आसपास फिरकायचं नाही.

मथुराक्का दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी हजर. चार दिवसांत शिकून मोकळी होईन आणि डबक्यात जाऊन पडेन, असा तिचा हिशेब. पोरांना तिने डबक्यापाशी सोडलं आणि दंगा करू नका म्हणून बजावलं. बाकीच्या आयांनीही विचार केला की एकटं पोर घरी ठेवण्यापेक्षा मथुराक्काच्या पोरांत सोडलेलं बरं. म्हणजे सगळ्या जंगलाची पोरं त्या एका डबक्यात एकमेकांच्या अंगावर, आणि त्यांचे आईबाप वडाखाली अंतर राखायला शिकताहेत. हे कोणाच्या ध्यानात आलं का? छे, सगळे प्रशिक्षणात गुंतले होते.

शिकवायला होते शिस्तप्रमुख आबुराव वानर. आल्या आल्या ते प्रत्येकाच्या कपाळाला हात लावून ताप बघायचे. सगळ्यांच्या कपाळाला तोच हात. मग पहिला नियम सांगितला, प्रत्येकाने दुसऱ्यापासून एक शेपूट अंतर ठेवून बसावं.

झालं, तिथेच पहिला दिवस गेला. शेपूट कोणाचं? सशांनी स्वतःचं शेपूट धरून मापलं आणि एकमेकांच्या मांडीवर बसले. मोर म्हणाला माझ्या पिसाऱ्याने मोजा, तर निम्मे पालक ओढ्यापलीकडे गेले. बेडकीण म्हणाली, मला शेपूट होतं, पण लहानपणी गेलं, आता मी काय करू? तिला नियमातून सूट द्यावी की शाळेतून, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की आबुरावांचं शेपूट हेच सरकारी शेपूट. हरणांनी मात्र लेखी मागणी केली की वाघिणीच्या बाबतीत हा नियम साथ संपल्यावरही चालू ठेवावा, आणि जमल्यास चार शेपटांचा करावा.

दुसरा नियम मुखपट्टीचा. पळसाचं पान नाकावर घ्यायचं आणि वेलीने कानामागे बांधायचं. मथुराक्काचं नाक केवढं! तिला तीन पानं लागली. शेवंतीने नीट बांधून घेतली, पण धडा संपेपर्यंत ती खाऊन टाकली. नवी दिली, तीही खाल्ली. आबुरावांनी कडक शब्दांत विचारलं तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली की समोर पान आहे आणि तोंड बंद आहे, हे हरणाला जमतच नाही हो. तिला कडुनिंबाची मुखपट्टी मंजूर झाली.

तिसरा नियम पाय धुण्याचा. ओढ्यातून दुधीच्या भोपळ्यात पाणी आणायचं, खूर, पंजे, नख्या चोळायच्या, वर पुन्हा पाणी ओतायचं. चुकलं की परत. सगळे सारखे चुकायचे, त्यामुळे वडाखाली दिवसभर पाणी ओतलं जायचं. मथुराक्का तर परीक्षेत सपशेल नापास झाली. तिने खूर स्वच्छ धुतले आणि मग आंघोळ पुरी करावी म्हणून तिथेच झालेल्या चिखलात लोळून घेतलं. आबुरावांनी कपाळाला हात लावला, या वेळी स्वतःच्या. मथुराक्काला उजळणीच्या वर्गात टाकलं.

ती मनात फार चिडली. आपण इतकं पळत आलो आणि आपल्याचमुळे शाळा अडली, हे तिला खाऊ लागलं. तिसऱ्या दिवशी ती नाक फुगवून आपल्या जागेवर बसली. उजवीकडे एक सरकारी शेपूट, तिथे कोणी नाही. डावीकडे एक सरकारी शेपूट, तिथेही कोणी नाही. खाली कालच्या धुण्याचा चिखल, छान मुरलेला, थंडगार. वर वडाची सावली. आबुराव एका सुरात नियम वाचत होते. तिने हळूच एक पाय आत घातला. मग दुसरा. मग कान तेवढे बाहेर ठेवले.

संध्याकाळी जागी झाली तेव्हा तिला आधी कळेचना आपण कुठे आहोत. कोणी पोटावर नाही, पाठीवर नाही, कंदमुळाची तक्रार नाही. बाळांनो, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी महिन्यांनी ती पोटभर झोपली होती.

तिने इकडेतिकडे बघितलं. शेवंती कडुनिंबाच्या मुखपट्टीआड शांत डोळे मिटून रवंथ करत होती. वाघीण उताणी पसरली होती, चारी पाय चार दिशांना. सशीण आपल्याच कानांची उशी करून घोरत होती. मथुराक्का काय समजायचं ते समजली आणि गप्प घरी गेली.

आणि मग तो दिवस आला. आबुरावांनी टिटवीबाईंना कळवलं की सगळे पालक सगळ्या नियमांत पास आहेत, मथुराक्कासकट. बाईंनी एक पाय उचलला, घसा साफ केला आणि उद्या शाळा उघडणार म्हणून सांगायला चोच उघडली. शेवंतीने वाघिणीकडे बघितलं, वाघिणीने सशिणीकडे. मथुराक्काने हिशेब केला. उद्या पोरं वडाखाली येणार, म्हणजे हा चिखल त्यांचा, ही सावली त्यांची. राहता राहिलं तिचं जुनं डबकं. पण पोरांनी इतके दिवस लोळून लोळून त्यातला चिखल अंगावरून घरी नेला होता. तिथे आता नुसते दगड उरले होते.

ती उभी राहिली आणि तीन पानांच्या आडून म्हणाली, "बाई, एक शंका होती. शिंक आली आणि ती डब्यात पडली, तर डबा घरी न्यायचा की शाळेत ठेवायचा?"

टिटवीबाईंची चोच उघडीच राहिली. हा धोका त्यांच्या स्वप्नातही आला नव्हता, आणि त्यांच्या स्वप्नात तर रोज आभाळ पडायचं. त्या शहारल्या. मग शेवंतीला शंका आली की डबा देवघेव करताना अंतर शेपटाने मोजायचं की शिंगाने. वाघिणीने विचारलं की पोराने जांभई दिली तर ती शिंकेत धरायची का. सशिणीकडे तर शंकांची बिळंच होती, एकीतून दुसरी निघायची. बाईंना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की त्यांनी जागच्या जागी दोन गिरक्या घेतल्या. एवढे जागरूक पालक त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. शाळा पुढे ढकलली आणि तयारीचा दुसरा टप्पा सुरू झाला.

दुसऱ्यानंतर तिसरा झाला. पाऊस गेला, गवत पिवळं पडलं, आणि पालक रोज सकाळी मुखपट्टी बांधून, डबा घेऊन वडाखाली जातच राहिले.

एका सकाळी ओढ्याकडून पोरं आली. सगळी. एका ओळीत, बरोबर एक सरकारी शेपूट अंतर ठेवून. प्रत्येकाच्या नाकावर पळसाचं पान, पाडसाने सुद्धा ते खाल्लेलं नव्हतं. खूर, पंजे धुतलेले लखलखीत. डबक्यावर बसून वाघिणीच्या पोराने सगळ्यांना पाढे शिकवले होते आणि सशाच्या पोरांनी त्याला अक्षरं. पुढे होती टिकली.

ती वेलीपाशी थांबली. "आई, आमचं सगळं झालंय. आता उघडा ना शाळा."

मथुराक्काने लेकीकडे बघितलं. रानडुकराच्या पिल्लाच्या अंगावर पट्टे असतात, मोठं झालं की जातात. टिकलीचे पट्टे पुसट झाले होते. हे कधी झालं, ते तिला ठाऊकच नव्हतं. सगळे पालक तिच्याकडे बघत होते. बाई एका पायावर थांबल्या होत्या. ती नुसती हो म्हणाली असती तरी शाळा उघडली असती.

तिने एकदा लेकीकडे बघितलं, एकदा खालच्या चिखलाकडे.

"बाळा, तुम्ही तयार आहात गं," ती म्हणाली, "पण आमचं अजून पक्कं झालेलं नाही."

टिकलीने वेलीखालून आत जाऊन आईची घसरलेली पानं नाकावर नीट बसवली.

"बरं," ती म्हणाली. "मग तुम्हाला घ्यायला आम्ही किती वाजता येऊ?"

पोरं आली तशी ओळीने परत गेली. मथुराक्काला फार वाईट वाटलं. चिखलात उतरेपर्यंत वाटत राहिलं.

त्या वर्षी वरून आदर्श शाळेचा पुरस्कार जाहीर झाला. वर्षभरात शाळेत एकही विद्यार्थी शिंकला नव्हता, एकाचाही डबा हरवला नव्हता, एकही नापास झाला नव्हता. टिटवीबाईंनी तो दोन्ही पाय वर करून स्वीकारला.

तात्पर्य: मुलांची सुरक्षितता सगळ्यात महत्त्वाची. म्हणून पालकांनी पूर्ण तयारी झाल्याशिवाय शाळा उघडू देऊ नये, आणि झोप पुरी झाल्याशिवाय तयारी.