नकाशातली वाघजाईवाडी

आधीच सांगून ठेवते, मी वाट चुकले असं आजवर कुणी म्हटलेलं नाही! शाळा दुसरीतच सुटली; पण डोळ्यांवर फडकं बांधून मला कुठल्याही बाजारात सोडा, नुसत्या वासावरून गावाचं नाव सांगीन. म्हणून आमच्या अंजनासाठी वाघजाईवाडीचं स्थळ घेऊन आलेला जोतीराम वाट समजावून सांगायला लागला, तेव्हा मी त्याला तिथंच अडवला.

"वाघजाईवाडी मला सांगतोस व्हय रं? मेढ्याच्या पल्याड, डोंगराच्या कुशीत! माझ्या मावशीचं गाव त्ये. तिथल्या चिंचा पाडल्यात मी!"

"आवं पर काकी, ती वाडी आता..."

"आता काय, चालाय लागली का काय? जा घरला!"

बिचारा वहाणा हातात घेऊनच पळाला.

मुलगा मिल्ट्रीतला. सुट्टी संपत आलेली, दुसऱ्या दिवशी त्याची गाडी. आमच्यात मुलीकडच्यांनी आधी घर बघून यायचं आणि मगच पुढची बोलणी. तिकडून निरोप आला होता, की आज या, नाहीतर रहिमतपूरचं स्थळ वाट बघतंय. आणि आमच्या अंजनाला तो मुलगा जत्रेत बघितल्यापासून आवडला होता. तोंडानं ती बोलली नाही, पण तव्यावर भाकरी आणि नजर भलतीकडं! आठवडाभर आम्ही सारे करपलेलं खात होतो. स्थळ हातचं गेलं असतं तर आम्हाला कोळसाच खावा लागला असता.

तर निघालो. आमचे दीर आकाराम, पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनवर आलेले, कुणाची तरी जीप मागून घेऊन आले. गुडघे धरलेत म्हणून आमच्या मालकांना घरीच ठेवलं. तसंही ते बोलायला काही उपयोगाचे नाहीत. लग्न झाल्यापासून त्यांचं एक वाक्य पुरं झालेलं मी ऐकलं नाही.

अंजना जीपजवळ आली. "आई, अगं, वर डोंगरात कशाला..."

"मोठ्यांच्यात बोलू नगंस! लाज न्हाई वाटत, आपल्याच लग्नाचं बोलतीस?"

ती पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं, लाजली!

भावजींच्या काखेत पत्र्याची नळी, नळीत नकाशा. गोऱ्या साहेबाच्या राज्यातला. एरवी मी त्या नकाशाला चुलीत घालायला निघायचे. डोंगर म्हणून नुसत्या वेड्यावाकड्या रेघा, कुणी कुरडयांचा घाणा कागदावर घातलाय जसा! पण मेढ्यात पोचल्यावर भावजींनी तो बॉनेटवर पसरला आणि बोट ठेवलं.

"वहिनी, ही बगा वाघजाईवाडी. डाव्या अंगाला, वढ्याच्या काठाला."

"मी काय वायलं सांगत हुते?"

"तुमी आन् मॅप एकच बोलताय! मंजे परशन मिटला. मॅप कभी झूठ नहीं बोलता!"

मला नकाशाचा एकदम आदरच वाटायला लागला. माझ्यासारखंच बोलतोय म्हणजे शहाणाच असणार!

घाट चढलो, उतरलो. रस्ता संपला तशी जीप सोडून चालायला लागलो. भावजी हातात होकायंत्र धरून पुढं, मी नऊवारीचा काष्टा आवळून मागं. आणि समोर आलं पाणी! हे एवढं थोरलं, आभाळ सांडल्यासारखं!

"भावजी, आता?"

"सरळ."

"सरळ पाणी हाय!"

"मॅप सरळ म्हंतोय!" आणि हवालदार खरोखरच गुडघाभर पाण्यात शिरले! हुकूम तो हुकूम.

काठावर एक म्हातारी म्हशी धूत होती. ती ओरडली, "आवं म्हातारबा, म्हसरं बसत्यात म्हून तुमी बी बसताय व्हय पाण्यात?"

मी ठसक्यात म्हणाले, "आमाला वाघजाईवाडीला जायचंय."

"मग ही काय, म्होरंच हाय की!" तिनं पाण्याकडं बोट केलं. "खाली."

"आन् माणसं?"

"माणसं कशाला बुडतील? धरणात गाव गेलं, तवा सरकारनं उठवून खाली न्हेलं. कडेगावाकडं. पत्र्याची घरं दिली. देवी बी संगं न्हेली आन् नाव बी."

मावशी वारल्यापासून मी इकडं फिरकले नव्हते; तिच्या अंगणात आता मासे फिरत असतील, एवढं मनात आलं. आणि कडेगाव म्हणजे तर आमचाच भाग! आमच्या माळवदावर पापड घालताना ओढ्यापल्याड पत्रे चमकतात, तीच ही वाडी! आम्ही सगळे तिला 'धरणवाल्यांची वस्ती' म्हणतो. तिला काही नाव असेल, असं मला कधी सुचलंच नव्हतं.

"भावजी, पाण्यातनं भाईर या. तुमचा मॅप बुडाला!"

"मॅप बराबर हाय, वहिनी. गाव हाललंया!"

 परतीला जीप मध्येच तापून बसली. घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. चिखलाचं लुगडं बदलून पत्र्याच्या वाडीत जाऊन पाय धरावेत असं ठरवलं होतं, तर दारातच परकी बैलगाडी!

आत अंगणात घोंगडी अंथरलेली, माणसं शिरा खातायत, आणि मधोमध आमचे मालक! खणखणीत आवाजात गोष्ट सांगतायत आणि सगळे पोट धरून हसतायत! मला बघितलं आणि वाक्य अर्धंच राहिलं.

मुलाची आई अंबूबाई उठून आली. "या विहीणबाई! सुपारी फुटली. तारीख बी धरली!"

"कुणी ठरवलं?"

"तुमच्या मालकांनी. लय ग्वाड माणूस! तुमच्या अंजनानं सकाळी जोतीरामाकडनं सांगावा धाडला, की आई डोंगरात गेलीया, सांजच्याला येईल, तवर येऊन ठरवून टाका. आमी बी लगीच गाडी जुंपली."

 मालकांनी गुडघे जवळ घेतले. अंजना चुलीआडून बघत होती. माझ्या तोंडात शब्दांची नुसती रांग लागली होती. मी ताटलीतला शिरा उचलून तोंडात टाकला.

"साखर कमी झालीया," मी म्हणाले.

झाली नव्हती. पण माझ्या मुलीच्या लग्नात मी काहीतरी बोलायला नको?