वाघमारे मॅडमची इजाजत

आमच्या कॉलेजातल्या वाघमारे मॅडम दुसऱ्याच्या डब्यात डोकावण्याआधीसुद्धा विचारतात, "इजाजत हाय का?" आपण हो म्हटलं की मग अर्धी भाजी उचलतात.

हे खूळ त्यांना वेलँड नावाच्या कॉम्प्युटरमधल्या नव्या व्यवस्थेपासून लागलं. मॅडम कॉम्प्युटर लॅब सांभाळतात, मी शेजारची लायब्ररी. मला कॉम्प्युटरमधलं चालू-बंद एवढंच कळतं, म्हणून त्यांनी मला बसवून समजावलं. आमचे कॉम्प्युटर ज्यावर चालतात त्या लिनक्समध्ये स्क्रीनवर प्रोग्रामच्या खिडक्या मांडायचं काम वर्षानुवर्षं 'एक्स' नावाची जुनी व्यवस्था करत होती.

"त्यात कोणता बी प्रोग्राम दुसऱ्याच्या खिडकीत बघू शकत होता सर. तुम्ही पासवर्ड टाकून राहिले आन् तिकडं भलताच वाचून राहिला! वेलँडमधी तसं न्हाई. बघायचं तर आधी इजाजत."

आणि एका सुट्टीत त्यांनी अख्ख्या कॉलेजातून एक्स काढून वेलँड बसवलं.

पहिला दणका प्राचार्यांना बसला. ऑनलाइन सभेत ते तासभर तक्ते दाखवत, हातवारे करत बोलले. समोरच्यांना नुसता काळा पडदा. स्क्रीन दाखवू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं होतं आणि सरांनी घाईत 'नाही' दाबलं होतं.

"मॅडम, ते जुनंच बसवा!"

"बसवते की सर. फक्त तुमचा पासवर्ड कोण बी..."

"राहू द्या, राहू द्या."

खरी पंचाईत मात्र मॅडमच्या घरातच झाली. त्यांचे वडील उमरीला एकटे राहतात. रेल्वेत गेटमन होते. आता कॉम्प्युटरवर पेपर वाचतात, पत्ते खेळतात. अक्षरं बारीक झाली की मॅडम नांदेडहून त्यांच्या स्क्रीनमध्ये शिरून मोठी करायच्या. बाबांना पत्ताही नसायचा. मॅडमनी तिथंही वेलँड बसवलं आणि पडद्यावर प्रश्न उमटला: 'कोणीतरी तुमची स्क्रीन पाहू इच्छितं. होय की नाही?'

बाबांनी 'नाही' दाबलं.

मॅडमनी लॅबमधून फोन लावला. "बाबा, मीच हाय. होय दाबा."

"हितं तुझं नाव कुठं हाय? 'कोणीतरी' असं लिहिलंय. 'कोणीतरी' म्हंजे कोण?"

"म्हंजे मी!"

"तूच सांगितलंस ना, अनोळखी माणसाला होय म्हणायचं न्हाई? गेट बंद म्हंजे बंद."

तेव्हापासून मॅडम दर रविवारी गाडीनं उमरीला जातात. 'होय' दाबायला.

मध्यंतरी मला पुतणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तिकडं जायचं होतं, म्हणून बरोबर गेलो. मॅडम बाबांच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसल्या. हात लांब करून बाबांच्या कॉम्प्युटरवर स्वतःच 'होय' दाबलं आणि मग लॅपटॉपवरून त्यांची अक्षरं मोठी केली. दोन्ही यंत्रांत वीतभर अंतर.

"अहो, मग बाबांच्याच कॉम्प्युटरवर करा की."

"टेस्टिंग करावं लागतंय सर."

"आता जेवूनच जायचं," असं बजावून बाबा भाकरी टाकायला आत गेले. मी हळूच मॅडमजवळ सरकलो. त्या 'होय'च्या खाली एक रिकामा चौकोन मला दिसला होता: 'ही परवानगी लक्षात ठेवा.'

"मॅडम, त्या चौकोनात टिक केली असती तर पुन्हा कधी विचारलंच नसतं की! दर रविवारची खेप वाचली असती."

मॅडमनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"हळू बोला सर," त्या म्हणाल्या.

आवाज थांबला. "काय म्हणून राहिले गं सर?"

"काई न्हाई बाबा. लई अवघड सिस्टीम हाय म्हणून राहिले."