लुटुपुटूची समजावणी

जी गोष्ट समजलेली नाही, तिला माणसाने होकार देऊ नये, हे तत्त्व वैद्यकशास्त्राने फार पूर्वीच मान्य केलेलं आहे. (लग्न, कर्जाचे कागद आणि मोबाइलवर येणारं ‘मला मान्य आहे’ यांना यातून सूट आहे.) म्हणून त्या संध्याकाळी विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात दोन खोल्या, साठ खुर्च्या, अठ्ठेचाळीस नागरिक, एक तान्हं मूल (संमती देण्यास अपात्र), चार ताटं बिस्किटं आणि एक समजावणी अधिकारी, एवढी सामग्री होती.

समजावणी अधिकारी म्हणजे सव्वीस वर्षांची एक मुलगी. विभागात घोरण्यावरच्या थेंबांची चाचणी होणार होती आणि ती लोकांना सोप्या भाषेत सांगणं हे तिचं काम होतं. नेमणूक तात्पुरती होती. पण आईने साऱ्या इमारतीला ‘मुलगी विद्यापीठात चिकटली’ असं सांगून टाकल्यामुळे आता कायम होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

काम ती मन लावून करी. अर्ध्या लोकांना खरे थेंब, अर्ध्यांना नुसतं मीठपाणी. कुणाला काय, ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. आणि चाचणी संपेपर्यंत ते ना रुग्णाला कळणार, ना डॉक्टरला. शेजारच्या काकूंना तिने हे जिन्यात उभ्या उभ्या समजावलं होतं. काकू तेव्हापासून लिफ्टने जातात.

तिच्या नोकरीवर गदा आणली ती संख्याशास्त्राच्या सरांनी. समितीच्या बैठकीत त्यांनी शांतपणे विचारलं, “समजावल्याने समजतं, याला पुरावा काय?”

पुरावा नव्हता. माणसं हजारो वर्षं एकमेकांना समजावत आली आहेत ती निव्वळ सवयीने. थेंबांचा गुण पाहायचा तर त्यांच्या जोडीला मीठपाणी ठेवतात. मग समजावण्यालाच वेगळा न्याय का? ठरलं: अर्ध्या लोकांना खरी समजावणी, अर्ध्यांना लुटुपुटूची. वेळ तेवढाच, हातवारे तेवढेच, आलेख तितकेच रंगीत. फक्त अर्थ वगळायचा. खरी जिंकली तर मुलगी कायम. हरली तर, सरांच्या शब्दांत, “सदर पद निष्क्रिय द्रव्य समजून ओतून द्यावं.”

अर्थ वगळणं वाटतं तितकं सोपं नसतं. पहिल्या मसुद्याच्या तिसऱ्या परिच्छेदात थोडा सापडला. तो काढला, तर पाचव्यात निघाला. शेवटी विभागप्रमुखांनी पूर्वी तरणतलावाच्या उद्घाटनाला केलेलं भाषण घेतलं आणि ‘पोहणे’च्या जागी ‘घोरणे’ घातलं. बोलायचंही त्यांनीच होतं. आपली समजावणी खरी की लुटुपुटूची, हे वक्त्यालाही कळता कामा नये, अशी शास्त्रीय अट होती. ती पाळताना कोणतीही अडचण आली नाही.

आता समजलं की नाही, ते मोजायचं कसं? लेखी परीक्षा घेणं हा सुजाण नागरिकांचा अपमान ठरला असता. म्हणून दर मिनिटाला किती माना डोलतात ते मोजायचं ठरलं. (पटलेली मान पुढे जाऊन परत येते. पेंगणारी मान पुढेच राहते. मोजणीदारांना दोन्ही नमुने आधी दाखवले होते.)

पहिल्या खोलीत मुलीने समजावायला घेतलं. थोड्याच वेळात एक आजोबा उभे राहिले.

“म्हणजे मला औषध मिळणार की खारं पाणी, हे तुला ठाऊक नाही?”

“नाही, आजोबा.”

“डॉक्टरांना?”

“त्यांनाही नाही.”

“मग ठाऊक आहे तरी कोणाला?”

“संगणकाला.”

“मग त्यालाच बोलव की, पोरी. तू कशाला घसा कोरडा करतेस?”

मागून एक बाई म्हणाल्या, “आमच्या ह्यांच्या वाट्याला खारं पाणी आलं, तर मला झोप कधी मिळायची?”

मुलीने विचार केला. खोटं बोलायला जीभ रेटेना. “चाचणी संपेपर्यंत कदाचित नाही मिळायची.”

“अगं बाई!” म्हणत बाईंनी पर्स उचलली. पाठोपाठ ‘हे’ही उठले. ते तेव्हाच जागे झाले होते.

दुसऱ्या खोलीत विभागप्रमुख म्हणाले, “घोरणं हे केवळ घोरणं नाही. ते एक ध्येय आहे. जो खोल उतरतो, तोच वर येतो!” टाळ्या पडल्या. “आणि लक्षात ठेवा, आजचा घोरणारा हाच उद्याचा नागरिक!” माना अशा काही डोलू लागल्या, की मोजणीदाराचीही डोलली. (ती नंतर वजा केली.)

निकाल असा लागला. खरी समजावणी: दर माणशी मिनिटाला ०.४ माना, चोवीसपैकी तिघांची संमती. लुटुपुटूची: ५.२ माना, चोवीसच्या चोवीस जणांची संमती, त्यांत कधीच न घोरणारे एक गृहस्थ, ज्यांनी विज्ञानासाठी घोरायला लागण्याची तयारी दाखवली. दुष्परिणाम: मान अवघडणे, दोघांना.

मुलीची आईही आली होती, लेकीला धीर द्यायला. चिठ्ठीने तिला दुसऱ्या खोलीत धाडलं. बाहेर आली ती डोळे टिपतच.

“काय सुंदर समजावलं गं त्यांनी!”

“काय समजावलं, आई?”

“ते असं शब्दांत नाही सांगता यायचं.”

“त्यात माझी नोकरी गेली.”

“आता राग मानू नकोस,” आई म्हणाली, “पण तू सांगतेस ना, तेव्हा मला शंका येतात. त्यांनी सांगितलं, तर एक म्हणून आली नाही.”

मुलगी विज्ञानाची पदवीधर होती; पुराव्यापुढे हट्ट धरत नसे. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच समितीपुढे गेली. लुटुपुटूची समजावणी इतकी गुणकारी असेल, तर ती नियमित तयार करायला कुणीतरी लागेल, ती म्हणाली; विद्यापीठाला तरणतलाव एकच आहे, भाषणं पुरणार किती दिवस? समितीच्या सगळ्या माना डोलल्या. मुलगी कायम झाली. पदाचं नाव बदलण्याची गरज भासली नाही.

सुरुवातीला तिच्या बोलण्यात चुकून अर्थ येई. त्यावर उपाय आईनेच सांगितला. “बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघतेस ना, त्याला कळतंय का म्हणून? ते बघणं सोड.” आठवड्याभरात गुण आला.

कायम झाल्यावर तिच्याकडे आलेलं पहिलं काम म्हणजे या साऱ्या प्रकाराची हकिगत सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिणं. नियमाप्रमाणे ती दोन प्रकारे लिहायची असते. अर्थ असलेली अजून लिहून व्हायची आहे. दुसरी, म्हणजे ही, आजवर ५१२ जणांना वाचायला दिली. ‘समजलं का?’ या प्रश्नावर ५०३ जणांनी मान डोलावली.