बोंडूच्या घासांचं वेळापत्रक

मुलांनो, एका जंगलात कुणालाच कधी उशीर होत नसे, कारण किती वाजले हे तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं.

त्या जंगलात झुंबरी नावाची एक वानरी राहत होती. तिला पहिलंच पिल्लू झालं होतं. त्याचं नाव बोंडू. बोंडू सहा महिन्यांचा होता. भूक लागली की तो आईला लुचायचा. पोट भरलं की सोडायचा. मग तिच्या पोटाला घट्ट मिठी मारून झोपी जायचा, आणि झुंबरी त्याला तसाच घेऊन या झाडावरून त्या झाडावर उड्या मारायची.

बोंडू दिवसातून किती वेळा दूध पितो, हे झुंबरीनं मोजलं नव्हतं. मोजायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. बोंडू गुटगुटीत होता आणि झुंबरी सुखात होती.

अशी परिस्थिती फार दिवस टिकत नाही.

एके दिवशी ओढ्यावर तिला गव्हाळी हरिणी भेटली. गव्हाळीच्या बाजूला तिचं पाडस चरत होतं.

"किती महिन्यांचा झाला गं?" गव्हाळीनं विचारलं.

"सहा."

"आणि अजून नुसतं दूधच?"

"हो. का गं?"

"काही नाही. सहजच."

मुलांनो, वाघाला नखं असतात, पण ती निदान दिसतात. 'सहजच' या शब्दाची नखं दिसत नाहीत.

"आमचं तिसऱ्या आठवड्यातच गवत हुंगायला लागलं होतं," गव्हाळी पुढे म्हणाली. "पण प्रत्येकाचं वेगळं असतं म्हणा." आणि तिनं बोंडूकडे असं पाहिलं, की झुंबरीनंही त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. सकाळी गुटगुटीत दिसणारा बोंडू आता तिला नुसताच फुगलेला वाटू लागला.

ती घरी आली आणि तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. नवऱ्याचं नाव सोटेराव.

"तुला योग्य वाटेल ते कर," सोटेराव म्हणाला. एवढं बोलून बापाचं कर्तव्य पार पडलं असं त्याला वाटलं, आणि तो पाठ खाजवायला दुसऱ्या फांदीवर निघून गेला.

झुंबरीला योग्य काय ते कळेना. म्हणून ती कोकिळाबाई मधुस्वरे यांच्याकडे गेली.

कोकिळाबाई मोठ्या आंब्यावर नव्या आयांसाठी शिबिर घेत असत. मुलं कशी वाढवावीत यावर जंगलात त्यांचा शब्द शेवटचा होता. त्यांना स्वतःला नऊ मुलं होती आणि नऊच्या नऊ धडधाकट निघाली होती. नऊच्या नऊ कावळ्यांच्या घरट्यात वाढली होती, पण हा तपशील शिबिरात येत नसे. कुणी विचारतही नसे, कारण कोकिळाबाईंचा आवाज फार गोड होता.

"बाळाला दूध केव्हा पाजतेस?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"मागेल तेव्हा."

जमलेल्या आयांमध्ये कुजबुज झाली.

"म्हणजे तू त्याला वाढवतेस, का तो तुला?"

झुंबरीनं मान खाली घातली.

कोकिळाबाईंनी पळसाचं एक मोठं पान घेतलं आणि त्यावर चोचीनं टोचून टोचून वेळापत्रक तयार केलं. ऊन हिरड्याच्या शेंड्यावर आलं की दूध. बुंध्याशी आलं की उंबराचा लगदा, एक शिंपला. सावली पायाशी आली की कुटलेला कंद, अर्धा शिंपला. ऊन ओढ्यापलीकडे गेलं की पुन्हा दूध. मध्ये काही नाही.

"आणि मध्ये रडला तर?" झुंबरीनं विचारलं.

"रडू दे. रडण्यानं छाती मोकळी होते."

"तुमची मुलं रडायची का हो?"

कोकिळाबाईंनी थोडा विचार केला. "मला तरी एकदाही ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी झुंबरी कामाला लागली. तिनं चार पिकली उंबरं तोडली. ती उकलून आतले किडे एकेक करून वेचून काढले. आजवर तिनं स्वतः हजारो उंबरं किड्यांसकट खाल्ली होती, पण हे मुलासाठी होतं. मग दगडावर ठेचून तिनं मऊसूत लगदा केला, शिंपल्यात घेतला, आणि ऊन बुंध्याशी यायची वाट पाहत बसली.

ऊन आलं. तिनं शिंपला बोंडूच्या तोंडाला लावला.

बोंडूनं लगदा तोंडात घेतला. जरा वेळ ठेवला. मग जिभेनं हळूच बाहेर ढकलला. तो झुंबरीच्या पोटावर पडला. कुठे पडला ते बोंडूनं वाकून नीट पाहिलं आणि तो दूध शोधू लागला.

"आत्ता नाही हं, राजा," झुंबरी म्हणाली. "आत्ता उंबराची वेळ आहे."

बोंडूला उंबर माहीत नव्हतं आणि वेळही माहीत नव्हती. तो रडला.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी बोंडूनं शिंपला लांबून पाहूनच ओठ घट्ट मिटले. तेव्हा झुंबरीनं, आया करतात तसं, एक घास चिमणीच्या नावानं आणि एक कावळ्याच्या नावानं पुढे केला. गावातल्या आया असं करतात तेव्हा कुणी येत नाही. जंगलात येतात.

आधी चिमणी आली. तिनं आपला घास खाल्ला आणि गेली. मग सगुणा नावाची एक कावळीण आली. ती वाळलेली होती आणि धापा टाकत होती.

"माझा घास दे लवकर. घरी पोरं चोची उघडून बसलीत," ती म्हणाली. घास उचलता उचलता तिची नजर पळसाच्या पानावर गेली. "हे काय गं?"

"वेळापत्रक. कोकिळाबाईंनी दिलंय."

"कोकिळाबाईंनी? त्यांची तीन मुलं मी वाढवलीत."

"तुम्ही?"

"तेव्हा मला कुठे माहीत होतं! मोठी झाली आणि कुहू करून उडून गेली, तेव्हा कळलं. खादाड होती मेली. पण गुणी होती."

झुंबरी सरसावून बसली. "मग त्यांना तुम्ही केव्हा केव्हा भरवायचात?"

"तोंड उघडलं की."

"आणि मिटलं की?"

"मिटलं की पुढच्याच्या तोंडात."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं काही करायला वेळ होता कुणाला?" असं म्हणून सगुणा घास घेऊन उडाली.

झुंबरीची निराशा झाली. इतकं सोपं असेल तर त्यात शास्त्र ते काय? शिवाय सगुणाचा आवाज फार कर्कश होता. झुंबरीनं पान पुन्हा फांदीच्या बेचक्यात नीट खोचून ठेवलं.

असे दहा दिवस गेले. बोंडू पोटात जाई त्यापेक्षा जास्त थुंकून टाकी. मधल्या वेळात तो रडे. झुंबरीची छाती दुधानं भरून दगडासारखी होई आणि ठणके, पण ती फांदीला धरून बसून राही आणि उन्हाकडे पाही. ऊन इतकं सावकाश सरकतं हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं. स्वतः खायचं तर ती विसरूनच गेली होती.

अकराव्या दिवशी बोंडू रडला नाही.

झुंबरी आनंदानं कोकिळाबाईंकडे धावली. "आज रडला नाही तो!"

"बघ," कोकिळाबाई म्हणाल्या. "लागली शिस्त."

परत येताना वाटेत एक घळ होती. खाली खोलवर काळे खडक होते. या घळीवरून झुंबरीनं शेकडो वेळा उडी मारली होती. तिनं नेहमीसारखी झेप घेतली. आणि अधांतरी असतानाच तिला जाणवलं, की पोटावरची मिठी सुटते आहे.

तिनं खाली पाहिलं नाही. पाहायला वेळच नव्हता. एका हातानं तिनं समोरची फांदी पकडली आणि दुसरा हात नुसता खाली मारला. हाताला काहीतरी लागलं. तिनं ते आवळलं.

तो बोंडूचा पाय होता.

बोंडू एका पायावर उलटा लोंबकळत होता. तो ओरडतही नव्हता. ओरडायला लागणारा जोर त्याच्या अंगात उरला नव्हता. आज सकाळी तो रडला का नव्हता, हे झुंबरीला तेव्हा कळलं.

ती कशीबशी वर चढली आणि बेचक्यात बसली. बोंडूनं डोळे अर्धवट उघडून तिच्याकडे पाहिलं. ऊन अजून ओढ्याच्या अलीकडेच होतं. दुधाची वेळ झाली नव्हती.

झुंबरीनं उन्हाकडे पाहिलं. मग बोंडूकडे पाहिलं. मग तिनं उन्हाकडे पाठ केली आणि त्याला छातीशी घेतलं.

बोंडू पीत राहिला. दमला की थांबायचा, पुन्हा प्यायचा. झुंबरी त्याच्या पाठीवरून हात फिरवत रडत होती. कोकिळाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे रडण्यानं छाती मोकळी होते. या बाबतीत त्यांचं बरोबर निघालं. फक्त रडणार कोण, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

पुढचे काही दिवस झुंबरी त्या झाडावरून हललीच नाही. बोंडू मागेल तेव्हा ती त्याला घेई. मागत नसला तरी घेई. तिसऱ्या दिवशी झोपेतच बोंडूची बोटं तिच्या केसांत रुतली. आधी एक, मग दुसरं. झुंबरी ती मोजत बसली. दहाच्या दहा भरली तेव्हा तिनं सुस्कारा सोडला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला सपाटून भूक लागली आहे.

ऐनाच्या झाडाला कोवळी पालवी फुटली होती. झुंबरी ओरबाडून ओरबाडून खाऊ लागली. तोंडात मावेना इतकं तिनं कोंबलं. बोंडू मांडीवर बसून तिच्या हलणाऱ्या जबड्याकडे टक लावून पाहत होता. असं तो आधीही पाहत असेल, पण वेळापत्रक आल्यापासून झुंबरी त्याच्यासमोर कधी जेवलीच नव्हती.

मग त्याचा हात वर आला. झुंबरीच्या ओठांतून लोंबणारं अर्धवट चावलेलं एक पान त्यानं ओढून काढलं. निरखून पाहिलं. आणि तोंडात घातलं.

झुंबरीनं चावणं थांबवलं. श्वाससुद्धा रोखून धरला.

बोंडूनं तोंड वेडंवाकडं केलं. अर्धं पान गिळलं, अर्धं तिच्या मांडीवर टाकलं, आणि पुन्हा तिच्या तोंडाकडे हात नेला. तीन पानं झाल्यावर तो वर भरपूर दूध प्यायला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी त्यानं काहीच खाल्लं नाही. झुंबरीनं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं तिच्या हातातलं अर्धं उंबर हिसकावून खाल्लं. किड्यांसकट.

झुंबरी पळसाचं पान परत करायला आंब्यावर गेली. शिबिर भरलं होतं. तिनं सगळं सांगितलं, घळीचंसुद्धा.

कोकिळाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आयांकडे वळून त्या म्हणाल्या, "पाहिलंत? वेळापत्रकाचा गुण यायला साधारण इतकेच दिवस लागतात."

टाळ्या झाल्या. शिबिर संपल्यावर सगळ्या आयांनी झुंबरीला गराडा घातला.

"नक्की काय केलंस गं?"

"मी जेवत होते. त्यानं हात घातला."

"ते झालं. पण त्याआधी काय केलंस?"

"काही नाही. भूक लागली होती, म्हणून खात बसले."

गव्हाळी हरिणीचं पाडस तर केव्हापासून चरत होतं, पण तीही आली होती. ती म्हणाली, "सांगायचं नसेल तर राहू दे बाई. आम्ही काय तुझ्या कुणी नाही."

त्या दिवसापासून ओढ्यावर झुंबरीशी कुणी बोलेना. जी ती म्हणे, युक्ती माहीत आहे, पण सांगत नाही. मधूनच एखादी तिला एकटं गाठून विचारी. झुंबरी पुन्हा तेच उत्तर देई. मग तीही फणकाऱ्यानं निघून जाई.

पाचव्या दिवशी सगळ्या मिळून आल्या. बोंडू नुकताच झोपला होता. झुंबरी थकली होती.

"बरं, सांगते," ती म्हणाली. "मी उत्तरेकडे तोंड करून बसले होते."

"अस्सं!" सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. तिथल्या तिथे रुसवे मिटले. एकीनं तर झुंबरीच्या डोक्यातल्या उवा काढून दिल्या.

"किती वेळ बसायचं?" एकीनं विचारलं.

झुंबरीनं जरा विचार केला. "आपलं पोट भरेपर्यंत. जेवत जेवत. पिल्लू मांडीवर. आणि मध्ये दूध मागितलं तर द्यायचं, पण तोंड उत्तरेकडेच ठेवायचं. ते हलवायचं नाही."

दुसऱ्या दिवसापासून जंगलातल्या सगळ्या नव्या आया उत्तरेकडे तोंड करून पोटभर जेवू लागल्या. मांडीवरच्या पिल्लांना दुसरा काही उद्योग नव्हता. त्यांनी आयांच्या तोंडात हात घातले. महिन्याभरात सगळी खायला लागली.

कोकिळाबाईंनी उत्तर दिशेवर नवं शिबिर सुरू केलं. तिथल्या पहिल्या रांगेत झुंबरीला मानानं बसवण्यात आलं.

तात्पर्य : खरं सांगितलं की लोक रुसतात. म्हणून खरं सांगायचंच असेल, तर सोबत एखादी दिशाही सांगावी. दिशा कोणतीही चालते.