एका फेट्याचे तीन अल्बम

"लताला यंदा अखाजीला पाठवणं जमणार नाही," हा निरोप थोरल्या लेकीच्या सासरहून, धरणगावहून आला तेव्हा रूपचंद आपल्या धुळ्यातल्या देवपूरच्या फोटो स्टुडिओत नव्याकोऱ्या कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळत होता. अक्षय्य तृतीयेच्या या माहेरपणाला लेक का येणार नाही, याचं कारण निरोप आणणाऱ्याने सांगितलं नाही. जावई रुसला की कारण सासऱ्याने आपलं आपण ओळखायचं असतं, आणि ओळखता आलं नाही तर तो वेगळा गुन्हा.

कारण होतं फेटा. धाकट्या मंगलाच्या लग्नासाठी रूपचंदने दोन गुलाबी मानाचे फेटे सांगितले होते, एक व्याह्यांना आणि एक थोरल्या जावयांना. बाकी सगळ्यांना केशरी. ऐन वेळी दुकानदाराने गुलाबी एकच पाठवला. तो अर्थातच मुक्ताईनगरच्या व्याह्यांच्या, तोताराम नानांच्या डोक्यावर गेला आणि थोरले जावई कौतिकराव यांच्या वाट्याला केशरी आला. केशरी तर बँडवाल्यालाही होता. कौतिकराव शाळामास्तर असल्यामुळे भर मांडवात चकार शब्द बोलले नाहीत. नुसता वरणभात खाल्ला आणि उठले. तोंडाने भांडणारा जावई परवडला, पण वरणभात खाऊन उठणारा नको.

"एक गुलाबी फेटा घ्या, धरणगावला जा आणि आपल्या हाताने बांधून या," इंदिराबाई म्हणाल्या.

"मांडव उठल्यावर फेटा बांधून कोण बघतं? लोक बघतात फोटो. आणि फोटो आपल्या हातात आहे!"

बायकोचा उपाय बिनकॉम्प्युटरचा होता, त्यामुळे रूपचंदला तो मागासलेला वाटला. पण निरोपाने तो मनातून हलला होता हेही खरं. मंगला सासरी गेल्यापासून घर खायला उठत होतं. लता अखाजीला आली, परसातल्या निंबाला झोका बांधला, पोरींची गाणी सुरू झाली, की वर्षभराचा शीण जायचा. ती आली पाहिजे, मग त्यासाठी फेटा गुलाबी करावा लागो नाहीतर जांभळा.

त्याने मांडवातला एक फोटो कॉम्प्युटरवर चढवला, कौतिकरावांचा फेटा माउसने कडेकडेने कोरून गुलाबी केला आणि छापून धरणगावला पाठवला. दोन दिवसांनी स्टुडिओत फोन आला.

"आबा, फोटो पाहिला. बरा आहे," कौतिकराव म्हणाले. "पण एका फोटोत गुलाबी आणि बाकीच्यांत केशरी? लोक म्हणतील, मास्तर मध्येच फेटा बदलून आले. मला नाही काही, पण लोकांचं आपलं..."

लोकांचं काय ते रूपचंदला कळलं. अल्बमभर फेटे हाताने कोरत बसायचे तर अखाजी उलटून पोळा आला असता. पण कॉम्प्युटर विकणाऱ्या जळगावच्या माणसाने त्याला एक जादू शिकवून ठेवली होती: काम एकदा करून दाखवायचं, की यंत्र तेच काम सगळ्या फोटोंवर आपणहून करतं. रूपचंदने 'केशरी असेल ते गुलाबी' एवढं करून दाखवलं, बटण दाबलं आणि चहाला गेला.

यंत्राला नातीगोती कळत नाहीत. त्याने बँडवाल्यासकट मांडवातलं यच्चयावत डोकं गुलाबी केलं. झेंडूची तोरणं गुलाबी केली, पंगतीतली जिलेबी गुलाबी केली. एका फोटोत तर भटजी गुलाबी उपरणं घेऊन गुलाबी ज्वाळांत तूप सोडत होते. रूपचंदने त्यातला जरा सभ्य दिसणारा मांडवाचा फोटो निवडून नमुन्याला पाठवला. लगेच फोन आला.

"आबा, हे काय? सगळ्यांनाच गुलाबी? मग माझ्या डोक्यावर काय राहिलं?"

"तुमचा फेटा गुलाबीच आहे की!"

"माझा गुलाबी असून काय करायचं? दुसऱ्याचा नसला पाहिजे!"

सबंध वैदिक विधीत न सापडलेलं मानपानाचं सार मास्तरांनी एका वाक्यात सांगून टाकलं. रूपचंद पुन्हा कामाला लागला. मूळ फोटोंवर यंत्राकडून 'गुलाबी असेल ते केशरी' करून घेतलं, त्यात तोताराम नानांचा एकुलता एक खरा गुलाबी फेटाही केशरी झाला. मग रात्री जागून कौतिकरावांचा तेवढा हाताने गुलाबी केला. व्याह्यांकडे मूळ अल्बम लग्नानंतर लगेच गेला होता, त्यामुळे तिकडची काळजी नव्हती. धरणगाव कुठे आणि मुक्ताईनगर कुठे!

हे प्रिंट वाळत पडले होते, तेवढ्यात इंदिराबाईंचा भाऊ हिलाल खेड्यावरून आला. त्याने प्रिंट पाहिले आणि तो खुर्चीवरून उठला.

"दाजी, जवाईले गुलाबी अन् मामाले केशरी? नवरीले मांडोमा कोण लई उना? मी का जवाई? हाई काय न्याव शे?"

"हळू बोल, हिलाल. नवरीला मांडवात तूच आणलंस, कबूल. तुझाही गुलाबी करून देतो."

"मना एकलानाच!"

"तुझा एकट्याचाच, बाबा."

असा तिसरा अल्बम तयार झाला. कॉम्प्युटरमध्ये 'व्याही', 'जावई' आणि 'मामा' असे तीन कप्पे पडले. प्रत्येक कप्प्यात तेच लग्न, तीच पंगत आणि गुलाबी फेट्याचा धनी तेवढा वेगळा. एवढी चोख व्यवस्था रूपचंदला लग्नातसुद्धा जमली नव्हती. धरणगावहून निरोप आला, 'लता येते आहे.' त्या दिवशी रूपचंदने कॉम्प्युटरला नारळ फोडला.

लता आली. तिला पोचवायला कौतिकराव स्वतः आले, आणि धुळ्यातल्या ओळखीपाळखीत दाखवावा म्हणून अल्बम बगलेत घेऊन आले. मंगलाची पहिली अखाजी, तिला घेऊन तोताराम नाना आले. मंगलाने मैत्रिणींना दाखवायला आपला अल्बम आणला होता. हिलाल तर आमरसाला न बोलावताही आला असता. आज तो अल्बमही घेऊन आला. धरणगाव, मुक्ताईनगर आणि मामाचं खेडं रूपचंदच्या ओसरीवर एकाच सतरंजीवर बसलं. रूपचंदला आमरस पुढे असून घाम फुटला.

तोताराम नानांनी सहज म्हणून कौतिकरावांचा अल्बम ओढला आणि त्यांचा चष्मा नाकावर घसरला.

"रूपचंदभाऊ, माह्या फेट्याले काय झालं हो हे? मले केशरी कधी बांधला तुम्ही?"

"आणि मला केशरी?" कौतिकरावांच्या हातात मंगलाचा अल्बम होता.

"दोन्ही खोटा शेतस!" हिलालने आपला उघडला. "खरा हाऊ शे!"

"निगेटिव्ह दाखवा," मास्तर म्हणाले. "निगेटिव्ह खोटं बोलत नाही."

रूपचंदने निगेटिव्हची पट्टी आणली. तिघांनी ती आळीपाळीने उजेडात धरली. निगेटिव्हमध्ये सगळे रंग उलटे, त्यामुळे नानांच्या डोक्यावर हिरवट फेटा होता, बाकी मंडळींच्या डोक्यांवर निळसर, आणि तिघांचीही तोंडं काळी होती. ती काही फार चुकीची दिसत नव्हती.

"लता, सामान बांध," कौतिकराव उठले. "संध्याकाळच्या गाडीने परत जायचं."

परसात झोका बांधून तयार होता आणि पोर त्यावर अजून बसलीही नव्हती. लता पोळ्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने ताट खाली ठेवलं, सतरंजीवर बसली आणि तिन्ही अल्बम पुढे ओढले. पानं उलटत राहिली. शेवटी तिने मान वर केली. शहरात वाढलेली, नवऱ्यासमोर पुस्तकी बोलणारी पोर आजीच्या बोलीत म्हणाली,

"आबा, या बठ्ठास्मा मी कोठे शे?"

या सगळ्यांत लता कुठे आहे, हे शोधायला रूपचंदने एक अल्बम घेतला, कौतिकरावांनी दुसरा आणि नानांनी तिसरा. फेट्यांच्या शोधात आजवर कोणी फेट्यांच्या खाली पाहिलंच नव्हतं. लग्नाचं वाढणं, पाहुण्यांचं पाणी, नवरीचं आवरणं, सगळं लताने केलं होतं आणि फोटो तिच्या बापाने काढले होते. बऱ्याच वेळाने इंदिराबाईंना पंगतीच्या फोटोच्या कडेला एक हात सापडला. हातात पाण्याचा जग होता. मनगटावरच्या गोठावरून त्यांनी तो ओळखला. मंगलाच्या अल्बममध्ये त्या हाताची बाही गुलाबी होती आणि दुसऱ्या दोन्हींत केशरी. बाहीच्या पुढे लता कुठेच नव्हती.

"ही मी," लता म्हणाली. "मी जेठ महिना लागेपर्यंत इथे राहणार आहे. ज्यांना गाडी गाठायची त्यांनी गाठावी."

ती उठून परसात गेली. मागोमाग मंगला गेली, आणि थोड्या वेळाने झोक्याचा दोर कुरकुरल्याचा आवाज आला. रूपचंदला आपल्याच हाताने आपल्या थोबाडीत मारावीशी वाटली. कौतिकराव पुन्हा सतरंजीवर बसले होते. इंदिराबाईंनी खाली ठेवलेलं ताट उचलून पोळ्या वाढल्या.

सवयीने तोताराम नाना म्हणाले, "लता, जरा पानी आन वं..." आणि मध्येच थांबले.

पानावर सगळेच हात वाळवत बसले. शेवटी कौतिकराव उठले, आत गेले आणि तांब्या भरून घेऊन आले. सासुरवाडीत जावयाने ओणवं होऊन सासऱ्याच्या पेल्यात पाणी ओतलं. अख्ख्या खान्देशात कोणी पाहिलं नसेल असं ते दृश्य होतं, आणि कॅमेरा आणायला जाण्याचं धाडस रूपचंदला झालं नाही.